शेवटचं गाणं सोडून

मावशींच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बंद पडून किती वर्षं झाली हे मावशींनाही सांगता आलं नसतं. तिथली वेळ चालायची एका सीडीवर, आणि ती सीडी होती मेक्सिकन रॅपची. दुसरं गाणं लागेपर्यंत कणीक मळून झालेली हवी, पाचव्याला भाजीची फोडणी, आठव्याला भात उतरवायचा. सीडी तिसऱ्यांदा संपत आली की दीडशे पोळ्या कापडात गुंडाळलेल्या असायच्या आणि डबे भरायला घ्यायचे. मावशींना त्या गाण्यांतलं एक अक्षर कळत नव्हतं. त्या गाण्यांना आकड्यांनी ओळखायच्या. "अगं सहावं लागलं, कोथिंबीर कुठाय?" असं त्या ओरडल्या की माझी धावपळ सुरू व्हायची.

मावशी म्हणजे काही माझ्या आईची बहीण नव्हे. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा गेल्यावर डब्यांचा उद्योग सुरू केलेल्या सत्तरीच्या बाई. सगळ्या मराठी मुलांच्या त्या मावशी. मी त्यांना भेटले ती वाण्याच्या दुकानात, गवारीच्या ढिगापाशी. २००३ सालचा जानेवारी होता. मी नागपूरहून नवऱ्याच्या मागून येऊन तीन आठवडे झाले होते. कॉम्प्युटरची डिग्री ट्रंकेत, आणि पासपोर्टात नोकरी करायला मनाई असलेला व्हिसा. मी गवार निवडत होते की तिच्यावर राग काढत होते, देव जाणे. मावशी म्हणाल्या, "शेंगा मोडतेयस कशाला? दिवसभर घरी असतेस ना? मग ये माझ्याकडे. नोकरी नाही, मदत. मदतीला व्हिसा लागत नाही."

गेले. घरात बसून बर्फ मोजण्यापेक्षा बरं, एवढाच विचार होता.

तिथे तिसरी बाई होती. उत्तर मेक्सिकोतल्या एका कारखान्यांच्या शहरातून आलेली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची. मावशी तिला ताई म्हणायच्या, म्हणून मीही ताई म्हणू लागले. ती मावशींना मावशीच म्हणायची, ते त्यांचं नावच आहे अशा समजुतीनं. तिच्या भागात मक्याइतक्याच गव्हाच्या पोळ्या खातात, त्यामुळे कणकेला तिचा हात लहानपणापासून होता. तेल लावून घडी कशी घालायची तेवढं मावशींनी शिकवलं. महिन्याभरात तिची पोळी मावशींच्या पोळीपेक्षा पातळ झाली, हे मावशी कुणासमोर कबूल करायच्या नाहीत. माझी पोळी कशी व्हायची ते विचारू नका. मला चिरायला बसवलं होतं.

सीडी ताईची. प्लेअर मावशींच्या मुलीचा, शाळेत असतानाचा. ती मुलगी आता क्युपर्टिनोत दोन पोरांची आई होती. प्लेअर फ्रिजवर ठेवलेला, पिठानं पांढरा झालेला. पहिल्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवतंय. जाड, संथ ठोके, आणि त्यावर एक घोगरा माणूस भांडणापूर्वी बोलावं तसा बोलतोय. ना चाल ना सूर. मी मावशींना म्हटलं, "तुम्हाला हे चालतं?" मावशी म्हणाल्या, "ती पोळ्या करते तोवर तिनं तुतारी वाजवली तरी चालेल."

मला चालत नव्हतं. मी तोंड वाकडं करून कांदे चिरत असे आणि ते तोंड ताईला दिसेल अशी बसत असे. ताईनं ते पाहिलं, पण प्लेअरचा आवाज काही कमी केला नाही.

पण रोज तीन वेळा कानावर पडलं की दगडालाही पाठ होईल. मार्चमध्ये मी वेस्टर्न ॲव्हेन्यूवर बसची वाट बघत होते. सिग्नलला एक गाडी थांबली, काचा खाली, आत चार मेक्सिकन पोरं, आणि गाणं तिसरं. माझ्या मनात पहिला विचार आला, बटाटे उकडले का? मग माझं मलाच हसू आलं. ती पोरं गाण्याबरोबर एकेक ओळ म्हणत होती, माना डोलवत. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्याकडे लोकांच्या तोंडावर आरतीच्या वेळी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी मी ताईला विचारलं, हे एवढं काय आहे या सीडीत?

ताईचं इंग्रजी तोडकं आणि माझं स्पॅनिश शून्य. तरी तिनं लाटता लाटता सांगितलं ते मला नीट कळलं. तोवर रॅप म्हणजे अमेरिकन पोरांचं, इंग्रजीतलं. मेक्सिकोतले लोक त्याची नक्कल करायचे तीही चांगल्या घरची, गुळगुळीत. मग तिच्याच भागातल्या पोरांनी ही सीडी काढली. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत जसं बोलतात तसं बोलले. त्याच शिव्या, तेच हेल. रेडिओवर आपल्या गल्लीतला माणूस बोलतोय, हे त्या वस्त्यांतल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या दोन वर्षांत दर दुसऱ्या गल्लीत पोरं वही घेऊन बसलेली. "माय ब्रदर ऑल्सो," ती म्हणाली. "नोटबुक, नोटबुक, ऑल डे. नो वर्क." आणि हसली.

हा भाऊ तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, म्हणून तिनंच वाढवलेला. सीडी आली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि दिवसभर तीच लावायचा. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, बंद कर ते. मग ताई अमेरिकेत आली. २००२ च्या वसंतात भावानंही यायचं ठरवलं. शिकागोला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यानं ती सीडी पुढे पाठवून दिली, मागून मी येतोच म्हणाला. त्याच्या हातात कागदपत्रं काहीच नव्हती. वाळवंटातून चालत यायचं होतं.

हे सगळं ती सांगत होती तेव्हा तो कुठे आहे असं मी विचारलं नाही. तो आलाच असेल, दुसऱ्या कुठल्या शहरात कामाला लागला असेल, असं मी धरून चालले. माझा स्वभावच तसा. समोरचा थांबला की मी उरलेलं वाक्य मनातल्या मनात पुरं करून टाकते.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सीडी कधीच पुरी वाजायची नाही. शेवटून दुसरं गाणं संपलं की ताई हातातलं सगळं टाकून, पिठाच्या हातांनी, फ्रिजपाशी जायची आणि बटण दाबून पुन्हा पहिल्यावर आणायची. तव्यावर पोळी फुगलेली असली तरी. मावशी ती पोळी उलटायच्या.

त्या उन्हाळ्यात एकदा ताईला वाफेनं भाजलं. ती नळाखाली हात धरून उभी होती, शेवटून दुसरं गाणं संपत आलं होतं, आणि मी प्लेअरच्या जवळ होते. म्हटलं, वाजू दे की एकदा. शेवटचं गाणं सुरू झालं. तीन-चार ठोके वाजले असतील. ताई ओल्या हातानं धावत आली, मला खांद्यानं बाजूला केलं आणि बटण दाबलं. मग भाजलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

मावशींनी मला वर नेलं. चहा टाकला. म्हणाल्या, "गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्या भावाचा फोन आला होता, बॉर्डरच्या गावातून. उद्या निघतो म्हणाला. आणि काय म्हणाला, की त्या शेवटच्या गाण्यात एक जागा आहे, ती तू एकटी ऐकू नकोस, मी शेजारी बसून तुला दाखवीन. एवढं बोलला. त्यानंतर काही नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. तुला आधी सांगायला हवं होतं. पण तू विचारतेस कुठे? तू ठरवून टाकतेस."

खरं होतं. मला झोंबलं, पण खरं होतं.

त्यानंतर मी त्या सीडीला तोंड वाकडं केलं नाही. उलट ताईचा हात गुंतलेला असेल तर मीच जाऊन बटण दाबायचे, बरोबर त्या दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत. माझा अंदाज कधी चुकला नाही. शेवटचं गाणं आम्हा तिघींपैकी कुणीच ऐकायचं नाही, हा त्या बेसमेंटचा नियम झाला, चपला बाहेर काढायच्या नियमासारखा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझे बाबा गेले. झोपेत, नागपूरला, काही हासभास नसताना. आमच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज दाखल केलेला होता. वकील म्हणाले, आत्ता देश सोडलात तर परत येता येईलच असं नाही. नवरा म्हणाला, तू ठरव. मी दोन दिवस ठरवत बसले. तोवर दादानं सगळं उरकलं होतं, आणि मग जाण्यात अर्थ नाही असं सगळेच म्हणाले. मीही म्हटलं. बाबांच्या अंत्यविधीच्या वेळी मी कानाला फोन लावून उभी होते, आणि तिकडे कुणीतरी फोन खिशात ठेवला होता. मला फक्त कापड घासल्याचा आवाज येत होता.

सप्टेंबरात सर्वपित्री अमावस्या आली. मावशी दर वर्षी नवऱ्यासाठी पान वाढायच्या. मुलगा नाही, मुलगी तिकडे लांब. "मी करते, कुणाला चालत नसेल तर त्यानं येऊन करावं," असं त्या म्हणायच्या. मला म्हणाल्या, "यंदा तुझ्या बाबांचंही पान वाढू. तुझ्या दादानं तिथे केलं असेल, असू दे. तुझं तुला करायला हवं." आणि मला सांगितलं की ही अमावस्या सगळ्यांसाठी असते. ज्यांची तिथी माहीत नाही, जे कुठे गेले, कसे गेले ते कळलं नाही, त्या सगळ्यांसाठी.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी लवकर स्वयंपाक केला. खीर, भरड्याचे वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. बाबांना गवार बिलकूल आवडायची नाही, जिवंतपणी ताटात आली की माझ्या ताटात सरकवायचे, आणि आता नेमकी तीच. मी हसले आणि मग रडले, आणि मावशींनी मला दोन्ही करू दिलं. दुकानातून आणलेली फ्रोझन केळीची पानं कोमट पाण्यात सैल केली. मागच्या लाकडी पायऱ्यांवर पानं मांडायची, कावळ्यासाठी. कावळा मात्र कुठे होता? आदल्या उन्हाळ्यात डासांच्या कसल्याशा तापानं शिकागोतले कावळे पटापट मेले होते. मावशी म्हणाल्या, "खारी येऊन खातात. यांना खारी आवडायच्या."

मावशी वर अंघोळीला गेल्या. दोन पानं वाढून झाली होती, मावशींच्या यजमानांचं आणि बाबांचं. तिसरं एक पान उरलं होतं.

मी जे केलं ते प्रेमानं केलं, एवढं मला आजही म्हणायचंय, आणि तेवढ्यानं ते बरोबर ठरत नाही हेही. त्या महिन्यात मला असं वाटत होतं की जगातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एखाद्याचं पान वाढलेलं नसणं. बाबांचं पान वाढल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी पहिल्यांदा हललं होतं. ताईला सोळा महिने झाले होते. मला वाटलं, तिलाही हे मिळू दे. तिसरं पान मी वाढलं, सगळ्यात नीट वाढलं, खीर जास्त घातली. आणि ते कुणाचं हे कळावं म्हणून प्लेअरमधली सीडी काढून, तिच्या तडा गेलेल्या डबीत घालून, पानाच्या वरच्या बाजूला ठेवली. बाबांच्या पानासमोर त्यांचा फोटो होता, तशी.

ताई मागच्या दारानं यायची. त्या पायऱ्यांवरूनच.

ती पहिल्या पायरीवर थांबली. पानं पाहिली. या पानांचं काय असतं ते तिला आदल्या वर्षी मावशींनी सांगितलेलं होतं, त्यामुळे समजावून सांगायला काही उरलं नव्हतं. मी दारात उभी होते, तिच्या तोंडावर काहीतरी सैल होईल याची वाट बघत. तिनं खाली वाकून सीडी उचलली. डबीला भाताचं शीत चिकटलं होतं, ते अंगठ्यानं काढलं.

"दिस, हू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ताई, मला वाटलं, तुझ्यासाठी…"

"माय ब्रदर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माय ब्रदर ईट इनसाइड. ऑन टेबल. ऑन चेअर."

आणि सीडी कोटाच्या आत घालून ती आली तशी निघून गेली. मी तिच्या मागे धावले नाही. मावशी ओल्या केसांनी खाली आल्या, तिसरं पान पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "तुला विचारलं होतं कुणी?" एवढंच म्हणाल्या. मग त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

ताई सहा आठवडे आली नाही. त्या काळात मी पोळ्या लाटल्या आणि डबा घेणाऱ्या पोरांनी त्या खाल्ल्या, बिचारी. एकानं मावशींना फोन करून विचारलं, "मावशी, सगळं ठीक आहे ना? पोळ्यांचं काहीतरी झालंय यार." बेसमेंटमध्ये आवाज नव्हता. मावशींनी एकदा भक्तिगीतांची सीडी लावून पाहिली, तर भात लागला आणि भाजी कच्ची राहिली. घड्याळात सेल घातले, तेही चालेना. मी रोज ठरवायचे की आज तिच्या घरी जायचं आणि रोज जायचे नाही. माफी मागायची म्हणजे तिच्या भावाविषयी पुन्हा बोलायचं, आणि काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. तो आहे म्हटलं तर मला ते खरं वाटत नव्हतं, नाही म्हटलं तर पुन्हा तेच पान.

शेवटी मावशींनीच मला डबा बांधून दिला आणि पिटाळलं. नोव्हेंबरचा दुसरा दिवस होता. ती क्लार्क स्ट्रीटजवळ एका खोलीत राहायची. दार उघडलं, मला पाहिलं, आणि बाजूला झाली.

खोलीत टेबलावर एकावर एक खोकी ठेवून, कापड घालून, मखरासारखी उतरंड केली होती. त्यावर झेंडूची फुलं. एवढा झेंडू मी नागपूर सोडल्यापासून पाहिला नव्हता. मेणबत्त्या, गोड पाव, पाण्याचा पेला, वाटीत मीठ, आणि फोटो: तिची आई, वडील, आजी, अजून कुणी. त्या दिवशी त्यांचे मेलेले लोक घरी येतात, म्हणून. मी एकेक फोटो बघत गेले. भाऊ त्यात नव्हता. तो फ्रिजच्या दारावर होता, चुंबकाखाली, वीजबिलाच्या शेजारी. टोपी उलटी घातलेला, दात दाखवणारा पोरगा.

मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

ती म्हणाली, "येस."

मग तिनं मक्याच्या पिठाचं गरम गोड पेय मला दिलं आणि विचारलं, "युअर फादर, यू हॅव फोटो?" पर्समध्ये बाबांचा एक पासपोर्टच्या आकाराचा फोटो होता. तिनं तो हातात घेतला, मेणबत्तीपाशी नेऊन नीट पाहिला, आणि तिच्या वडिलांच्या आणि आजीच्या मधे टेकवून ठेवला. कोरा पेला शोधून त्यांच्यासाठी वेगळं पाणी ठेवलं. मी नागपूरला पोचले नव्हते. बाबा मात्र शिकागोत, क्लार्क स्ट्रीटवर, झेंडूच्या फुलांत येऊन बसले होते. मी इतकी रडले की खालच्या मजल्यावरच्या बाईनं छताला काठी आपटली.

सोमवारी ताई कामाला आली. सीडी प्लेअरमध्ये घातली. दुसरं गाणं लागलं तेव्हा कणीक मळून झाली होती.

नंतरची चार वर्षं आम्ही त्या सीडीवर काढली. ती मधे मधे अडकू लागली, मावशी ती साडीच्या पदरानं पुसायच्या. ताईनं ती ज्या वाळवंटाबद्दल बोलायची नाही तिथल्या सरकारी लोकांना फोन केले, पत्रं घातली, फॉर्म भरले. त्यातले बरेचसे मीच भरून दिले, मला निदान तेवढं येत होतं. एका फॉर्मबरोबर कापसाचा बोळा गालाच्या आतून फिरवून पाठवायचा होता. तो पाठवताना तिनं मला बजावलं की हे फक्त नियमासाठी. मी म्हटलं, हो. दर सर्वपित्रीला मावशी दोन पानं वाढायच्या. तिसरं पान मी पाण्यातून काढायचेच नाही. आणि शेवटून दुसरं गाणं संपलं की कुणीतरी जाऊन बटण दाबायचं.

२००७ च्या सप्टेंबरात फोन आला. ॲरिझोनातल्या एका कार्यालयातून एक बाई बोलत होती, स्पॅनिशमधून, सावकाश, असं ताई नंतर म्हणाली. काही हाडं पूर्वीच सापडली होती. त्यांची आता कापसाच्या बोळ्याशी गाठ पडली. तो ज्या आठवड्यात निघाला त्याच आठवड्यात गेला होता. म्हणजे मी पान वाढलं तेव्हा तो सोळा महिन्यांपूर्वीच गेलेला होता. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याची मला इतकी लाज कधी वाटली नाही.

ताई दहा दिवस आली नाही. अकराव्या दिवशी आली ती नेमकी सर्वपित्रीला. तिला ते माहीत होतं का, मी विचारलं नाही. एवढं मी शिकले होते. मागच्या पायऱ्यांवर मावशींनी दोन पानं वाढलेली होती. ती त्यांच्या कडेनं, पाऊल जपून टाकत आत आली, हात धुतले, सीडी लावली आणि परात ओढली.

पाचव्याला फोडणी पडली. आठव्याला मी भात उतरवला. शेवटून दुसरं गाणं संपत आलं तशी मी सवयीनं उठले आणि फ्रिजपाशी गेले. ताई मागून म्हणाली, "नो."

मी हात खाली घेतला.

शेवटचं गाणं सुरू झालं. मला वाटलं होतं, पाच वर्षं जपलेलं गाणं म्हणजे काहीतरी मोठं असेल. ते इतर गाण्यांसारखंच होतं, जरा संथ. घोगरा माणूस बोलत होता. मग अर्ध्यावर ठोके थांबले, आणि मागून रस्त्याचे आवाज आले. कुत्रं. ट्रकचं इंजिन. आणि लांबून एक माणूस ओरडत जातोय, एकच शब्द, ताणून, पुन्हा पुन्हा.

ताईचं लाटणं थांबलं.

"गॅस मॅन," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. ती म्हणाली, "गॅस, फॉर कुकिंग. ही कम विथ ट्रक, ही शाउट. माय स्ट्रीट. दॅट मॅन, माय स्ट्रीट." त्यांच्याच गल्लीत सिलिंडर घेऊन येणारा तो माणूस. त्याची आरोळी ऐकून ती रोज दाराकडे पळायची, आणि भाऊ तिची नक्कल करायचा. एवढंच दाखवायचं होतं त्याला. शेजारी बसून, बोट वर करून म्हणायचं होतं, ऐक, ऐक, आता येईल. ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली, पीठ लागलेले हात तोंडावर घेऊन. मग ते हसणं राहिलं नाही. मावशींनी गॅस बंद केला आणि तिला पोटाशी धरलं. गाणं संपलं, सीडी थांबली. मी ती पुन्हा लावली नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही, मोजायला काही नव्हतं. ताई उठली. तोंड धुतलं. कपाटातून एक ताट काढलं, स्टीलचं, आम्ही रोज जेवायचो त्यातलं. त्यात वरची पोळी घेतली, भाजी, वडा, खीर वाढली. मावशींनी मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताईनं ते ताट टेबलावर ठेवलं. पाण्याचा पेला ठेवला. खुर्ची ओढली, जरा तिरकी, कुणाला बसता येईल अशी. मग जाऊन मागचं दार सताड उघडून ठेवलं आणि ताटासमोर उभी राहिली.

मी बाहेर पायऱ्यांवर गेले. बाबांचं पान तिथे होतं, काठाला एक खार आलेली. मी तिला हुसकलं आणि पान दोन्ही हातांनी उचलून आत आणलं.

"अगं, ते आत आणायचं नसतं," मावशी म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता.

मी पान टेबलावर ताटाशेजारी ठेवलं आणि गवारीची भाजी काढून टाकली. मावशी बघत राहिल्या. मग डोळ्याला पदर लावून बाहेर गेल्या, यजमानांचं पान घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा. यांना दाराजवळची खुर्ची लागते."